खर्जातला पाव्हणा

आमच्या नरसीत माणूस किती चांगलं गातो हे नंतर बघतात, आधी बघतात किती वर गातो. नामदेव महाराजांचं गाव, त्यामुळं गळा ज्याला त्याला आहे. पण खरा गवई तोच, ज्याच्या मानेच्या शिरा शेवटच्या रांगेतून दिसतात. या हिशेबानं रखमाजीबुवा गावात पहिला. उंच, वाळका, गळ्याची घाटी पुढं आलेली, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याच्या दातांत कळ जावी. गाताना डावा हात कानावर, डोळे मिटलेले, आणि चरण संपला की नाकातून एक बारीक हसू : "हॅ हॅ!" जणू देवालाच विचारून राहिला, काय, ऐकलंस ना?

लखमा धनगराचा आवाज याच्या अगदी उलटा. पंधरा-सोळाव्या वर्षी सगळ्याच पोरांचा आवाज फुटतो. बाकीच्यांचा फुटून, हेलकावून जागेवर आला. लखमाचा खाली गेला, आणखी खाली गेला आणि तिथंच घर करून बसला. त्याची माय कौशल्याबाई सांगते, "मी चुलीपुढं बसलेली. मागून कोनीतरी म्हनलं, माय, भाकर दे. मी झटक्यात डोईवर पदर घेतला. म्हनलं, कोन परका मानूस घुसला घरात!"

गवई लोक या खालच्या आवाजाला खर्ज म्हणतात. आमच्या गावाला तो शब्दच ठाऊक नव्हता, कारण तिकडं कधी कोणी गेलंच नव्हतं. लखमा 'रामराम' म्हणाला की उतरंडीवरचं पितळेचं झाकण झिणझिणायचं. मेंढरं मात्र त्या आवाजावर खूश. त्यानं नुसतं हुंकारलं तरी कळप वळायचा.

दुसरा माणूस खूश होता तो खाजा मिया. खाजा मियांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या नरसीचं. बाप मृदंग मढवायचा, हेही मढवतात. भजनाच्या बारीला मृदंग वाजवायलाही तेच, कारण दोन्ही मेळ्यांना वाजवणारा असा लागतो जो दोन्हींतला नाही. ते लखमाला म्हणायचे, "अरे, ये गला है के बावडी? इसमें तो बालटी छोडना पडता."

आता बारी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. चंपाषष्ठीला दुपारी भंडारा उधळून झाला की खंडोबाच्या पारावर दोन भजनी मेळे समोरासमोर बसतात. पहिल्या मेळ्याचा बुवा सूर देतो, खाजा मिया हातोडीनं ठोकून मृदंग त्या सुराला लावतात, आणि मग दोन्ही मेळ्यांनी त्याच सुरात, त्याच पट्टीत म्हणायचं. पट्टी सोडली की हार. आणि पहिली पाळी पाहुण्याची. दुसऱ्या गावचा मेळा आला असेल तर सूर त्यांचा. यजमानानं मुकाट्यानं त्यात गायचं. कोणीच पाहुणा आला नाही तर वरची आळी आणि खालची आळी, आणि सूर द्यायचा मान थोराचा. म्हणजे रखमाजीबुवाचा.

लखमा एकोणीस वर्षांचा असताना, चौतीस साली, असाच पाहुणा न आलेला दिवस होता. खालच्या आळीनं कौतुकानं लखमाला पुढं बसवलं. बायकांत कौशल्याबाई पुढं, नवं लुगडं नेसून.

रखमाजीबुवानं लखमाकडं एकदा बघितलं आणि रोजच्यापेक्षाही वर सूर धरला. खाजा मिया ठोकत गेले, ठोकत गेले, मग हात थांबवून म्हणाले, "बुवा, और चढाया तो चमडा फटेगा."

"फाटू द्या. आज काय काय फाटतं ते बघू. हॅ हॅ!"

लखमाची पाळी आली. त्यानं वर जायला तोंड उघडलं, आणि गळ्यातून जे निघालं ते मला कागदावर लिहिता येत नाही. करून मात्र दाखवता येतं. खाली उतरून म्हणू लागला, तर ती पट्टी खालूनही त्याला बसेना. ना वर, ना खाली, मधल्यामध्ये लोंबकळला. पार हसायला लागला. आणि रखमाजीबुवा उठून उभा राहिला.

"अरे, ह्यो तं हेला हाय! पखालीचा हेला! याला पान्यावर धाडा, पारावर काहून आनला? ये ना लेका वर! जिना लावू का?"

त्या दिवसापासून लखमाचं नाव हेल्या. पोरं मागून रेड्यासारखी रेकायची. विहिरीवर बायका कौशल्याबाईला म्हणायच्या, "ये हेल्याची माय, सरक जरा." ती सरकायची. उलटून कधी एक शब्द बोलली नाही. विहिरीवरच्या बायकांना वाटलं, मऊ बाई आहे.

लखमानंही शपथ घेतली नाही, दाढी वाढवली नाही. आठवड्यानं तो खाजा मियांच्या ओट्यावर जाऊन बसला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "खाजाभाई, बुवाला खाली किती जाता येतं?"

"नीचे?" खाजा मियांनी मृदंगाची वादी ओढता ओढता विचार केला. "बुवा नीचे कब्बी गयेच नै. कायकू?"

"उगंच."

मग तो पंचांकडं गेला. आमच्याकडं बारीचा निवाडा ज्ञानबा पाटलाचा. पाटील हळूहळू बोलतात, प्रत्येक शब्द पानासारखा चघळून. लखमानं विचारलं, "पाटील, पाव्हना म्हंजी कोन?"

"पाव्हना... म्हंजी... ज्याची चूल... दुसऱ्या गावात."

"जल्म हितलाच असंल तरी?"

"जल्माचं... कोन पुसतं? चूल बघायची."

झालं. लखमानं लग्न करायचं ठरवलं. मुलगी कशी पाहिजे म्हणून मायनं विचारलं, तर म्हणाला, "कशीबी. सासऱ्याला पोरगा नसावा." धनगराचा एकुलता एक पोरगा घरजावई व्हायला निघाला असं नरसीनं पाहिलं नव्हतं. शिरड शहापूरची पंचफुलाबाई, बापाची एकटी, कळप मोठा. लखमा आपल्या मेंढ्या हाकत हिंगोलीवरून शिरडला गेला आणि तिकडंच चूल मांडली. रखमाजीबुवा पारावरून म्हणाला, "हेला दुसऱ्याच्या दावनीला गेला, बरं झालं. हॅ हॅ!"

पंचफुलाबाईला त्यानं पहिल्याच महिन्यात सगळं खरं सांगून टाकलं. ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

"म्हंजी तुमी माह्यासाठी न्हाई, सुरासाठी आलात?"

"तुह्यासाठीबी."

"बी!" पंचफुलाबाई म्हणाली. अजूनही भांडण झालं की ती तेवढंच म्हणते, "बी!" आणि भांडण तिच्याकडून संपतं.

शिरडला कोणी वर गाणारं नव्हतं, त्यामुळं खाली गायला कुणाची हरकत नव्हती. लखमानं तिथले जाडे, बसक्या गळ्याचे, तंबाखूनं आवाज बसलेले गडी गोळा केले आणि मेळा केला. रानात मेंढरं बसवायची आणि खर्ज लावायचा. रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाड्या थांबायच्या. बैलांना वाटायचं, कुठंतरी आपलं माणूस आहे.

दोन वर्षांनी चंपाषष्ठीला शिरडचा मेळा नरसीच्या पारावर आला. पाहुणा! सूर लखमाचा! सगळं बराबर जुळलेलं. आणि लखमानं माती केली. सकाळीच पोचला होता, पोटात कावळे ओरडत होते, कौशल्याबाईनं दारातच हाताला धरून आत नेलं आणि भरीत-रोडगा वाढला. चंपाषष्ठीचं नवं वांगं, मायच्या हातचं. दोन रोडगे खाऊन, मिशा पुसून तो पारावर आला.

रखमाजीबुवा जवळ आला. वाकून त्याच्या मिशीकडं बघितलं.

"लखमा, मिशीला भरीत लागलं. कोन्या घरचं रे?"

"मायच्या."

"पाटील, ऐकलं का? यानं मायच्या घरी रोडगा खाल्ला!"

ज्ञानबा पाटलानं पान गालात सरकवलं. आमच्याकडची रीत अशी, की चंपाषष्ठीला पाहुणा पारावरच्या पंगतीत जेवतो. गावातल्या घरचा रोडगा ज्यानं खाल्ला तो त्या घरचा. "चूल... दुसरीकडं हाय... खरं. पन आज... पोट हितलं हाय. लखमा... आज तू पाव्हना न्हाईस."

सूर पुन्हा रखमाजीचा झाला. शिरडच्या जाड्या गड्यांनी वर बघितलं, एकमेकांकडं बघितलं, आणि टाळ पिशवीत घातले. परतताना निम्म्या वाटेपर्यंत पोरं रेकत आली.

त्या दिवसापासून लखमा मायच्या घरात गेला नाही. गावात यायचा, मेंढरं घेऊन कयाधू नदीकाठी उतरायचा, पण घराशी आला की गल्लीतच थांबायचा. माय उंबऱ्यात, लेक गल्लीत.

"एक घास खाऊन जा रे."

"भूक न्हाई, माय."

"खोटं बोलून राहिलास. पोट खपाटीला गेलं. आज कुठं चंपाषष्ठी हाय? आज खाल्लं तं काय व्हतं?"

"रखमाजी म्हनंल, ह्याचं येनंजानं हाय. सवयच नगं."

ती मग आत जायची आणि थोड्या वेळानं भांडी जरा जास्तच जोरात वाजायची.

अडतीस साली लखमा पुन्हा आला. या खेपेला पारावरच्या पंगतीत जेवला, सगळ्यांच्या देखत, पाटलाच्या शेजारी बसून. पाटील म्हणाले, "पाव्हना."  लखमानं डोळे मिटले आणि आपला सूर दिला, तळातला.

खाजा मिया मृदंग उतरवू लागले. वाद्या सैल केल्या, लाकडी गठ्ठे वर सरकवले, डाव्या तोंडाला कणकेचा मोठा गोळा लावला. मृदंग उतरला, उतरला, आणि मग कातडं लोंबायला लागलं. थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. खाजा मियांनी हात वर केले. "लखमा, इससे नीचे ये नै जाता. छोटा मुंह, पतला चमडा. मैं क्या करूं?"

मृदंग जिथं बोलेल तिथंच पट्टी. लखमाला चार पायऱ्या वर यावं लागलं आणि रखमाजीबुवाला थोडंच खाली उतरावं लागलं. बुवाचा घाम निघाला, आवाज दोनदा थरथरला, पण तो निभावून गेला. लखमाही निभावला. बारी बरोबरीत सुटली. दुसरा कोणी असता तर समाधान मानून घरी गेला असता. रखमाजीबुवा उठता उठता म्हणाला, "हेला घाट चढाया शिकला! हॅ हॅ!" आणि लखमानं त्याच पावली खाजा मियांना बाजूला घेतलं.

"मोठ्या तोंडाचा मृदंग कराल का?"

"करता. लकडी मैं देखता. चमडा मोटा होना. बुड्ढे बकरे का, खूब बुड्ढा."

"म्हंजी आता जल्मलेला बोकड..."

"हौ. पाल उसकू. बूढा होने दे."

त्या साली कळपात एक बोकड जन्मला, काळा, उंच पायांचा, बारक्या आवाजाचा. लखमानं त्याचं नाव रखमाजी ठेवलं. त्याला विकायचा नाही, कापायचा नाही, म्हातारा होऊ द्यायचा. आणि रोज हाका मारायच्या. पंचफुलाबाईचा गळा तर मोठाच मोकळा : "रखमाजी, मेल्या, पुन्हा तुरीत घुसलास? रखमाजी, शिंग नगं दाखवू, मुसळ घालीन! रखमाजी, कुठं मुतून राहिलास रे?" सगळं शिरड या हाका ऐकत जेवायचं. खरा रखमाजीबुवा हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात आला, तर शिरडचा एक गडी त्याच्याकडं बारकाईनं बघून म्हणाला, "बुवा, औंदा शिंगं लई वाढली म्हनं तुमची!" बुवाला काही कळेना. कळलं तेव्हा आठ दिवस त्याचा वरचा सूर लागला नाही.

बोकड म्हातारा व्हायला वेळ लागतो. तेवढ्या काळात लखमानं आणखी एक काम केलं, आणि त्याच्या गळ्याची खरी कमाई ती. हिंगोलीला कापसाच्या बाजारामागं मांडव टाकून एक फिरती संगीत नाटक मंडळी उतरली होती. त्यांचा राक्षस तापानं पडला. कोणीतरी लखमाला नेऊन उभा केला. मालकानं म्हटलं, "काही म्हणून दाखव." लखमानं एक चरण म्हटला. मालकानं हातातला चहा खाली ठेवला.

मंडळी दर उन्हाळ्यात तिथं यायची; तीन उन्हाळे लखमा त्या मांडवात गायला. यम तो, राक्षस तो, शाप देणारा ऋषी तो, मुलीचं लग्न मोडणारा राजा तो. पडद्यामागून आकाशवाणी व्हायची तीही त्याचीच. यम होऊन, काळी घोंगडी पांघरून, तो पहिल्यांदा 'चल' म्हणाला तेव्हा शेंगा खाणाऱ्यांचे हात थांबले आणि पुढच्या बाकावरचं एक लेकरू बापाच्या धोतरात शिरलं. रेल्वेतले बाबू, अडते, मुसलमान सुतार, सगळे त्या एका शब्दासाठी पुन्हा पुन्हा यायचे. नायक मात्र त्याला कधी केलं नाही. नायक म्हणजे बारीक मिशी आणि उंच आवाज.

मंडळीचा पेटीवाला म्हातारा होता, उमेदीत मुंबई करून आलेला. तो लखमाला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. तरुणपणी मी मुंबईला इटलीचे गवई ऐकले. सगळं नाटक गाऊनच करतात ते. त्यांच्यातही तुझ्यासारखा खर्जाचा एक असतोच. राजा त्याला करतात, धर्मगुरू करतात, सैतान करतात. टाळ्या भरपूर. फक्त लग्न त्याचं कधी लागत नाही."

"माहं तं लागलं," लखमा म्हणाला. "ते लोक सूड घेत्यात का?"

"दर अंकाला."

"मंग बरं हाय."

मंडळी हिंगोलीहून पुढं अकोला, अमरावती करणार होती, तिथून नागपूर. मालकानं लखमाला हात जोडले. "चल आमच्याबरोबर. असला गळा मेंढरांपुढं वाया घालवू नको. नाव होईल."

"चंपाषष्ठीला सोडाल का?"

"भर हंगामात? कसा सोडीन?"

"मंग न्हाई."

"अरे, नागपूरला हजार हजार माणूस ऐकेल तुला!"

"त्यात रखमाजी हाय का?"

मालकाला वाटलं, रखमाजी म्हणजे याचा कोणी गुरू असेल. मंडळी गेली. लखमा घोंगडी खांद्यावर टाकून शिरडला परतला.

बोकड रखमाजी शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात म्हातारपणानं पाय ओढायला लागला आणि लखमानं तो कापला. शिरडला जेवण झालं. पंचफुलाबाई वाढताना म्हणाली, "रखमाजी लई चिवट निघाला." कातडं खाजा मियांनी चुन्यात घातलं, घासलं, सावलीत ताणलं. लाकूड मिळायला आणखी वर्ष गेलं. आणि मग दिवसच पालटले. सत्तेचाळीस साली इकडं कुठली जत्रा आणि कुठली बारी. निजामाच्या लोकांच्या धाकानं जो तो घरदार सोडून सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात चाललेला. रखमाजीबुवाही वाशीमला पाहुण्यांकडं गेला. तिकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाला लखमा विचारायचा, "रखमाजीबुवा जिता हाय ना? खाऊन-पिऊन हाय ना? खोकला-बिकला?" लोकांना भरून यायचं. एकजण म्हणाला, "लखमा, मन मोठं हाय रे तुहं."

"मोठं काय त्यात? जिता पाहिजे तो. गळ्यासकट."

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्याअखेर निजामाचं राज्य गेलं. त्यानंतर आमच्याकडं मुसलमान घरांवर जे दिवस आले ते मी इथं लिहीत नाही. खाजा मिया बायको खतीजाबी आणि लेकरांना घेऊन रातोरात शिरडला गेले आणि लखमाच्या मेंढवाड्यात राहिले. काही लोक विचारायला आले तेव्हा लखमा दारात उभा राहून मांडवातल्या यमाच्या आवाजात एवढंच म्हणाला, "आत कोनी न्हाई." ते गेले. पुढं कोणी त्याला याचं विचारलं की तो चिडतो. "मृदंग अर्धा राहिला व्हता," म्हणतो.

मृदंग त्या मेंढवाड्यातच पुरा झाला. तोंड परातीएवढं. पहिली थाप पडली तशी मेंढरं उठून उभी राहिली. खाजा मियांनी कान लावून आवाज विरेपर्यंत ऐकला आणि कितीतरी दिवसांनी हसले. "लखमा, सुन! बुवा बोल्या!"

चंपाषष्ठीला शिरडचा मेळा नरसीत आला. खाजा मियाही आले, परत आपल्या घरी राहायलाच. गावात माणसं माघारी येत होती, दोन वर्षं कोणी भजन ऐकलं नव्हतं, त्यामुळं पारावर मुंगी शिरायला जागा नाही. वाशीमहून आलेला रखमाजीबुवा ताजातवाना. त्याची नजर त्या परातीएवढ्या तोंडाच्या मृदंगावर गेली, आणि त्याचं हसू नाकातच अडकलं. दोन बोटं पुढं करून त्यानं कातडं चाचपलं.

"कशाचं हाय हे?"

"रखमाजीचं," पंचफुलाबाई बायकांतून म्हणाली. पार हसला.

बुवाला कळून चुकलं की सूर लागला तर आपण संपलो. तो लागूच नये म्हणून त्यानं काय केलं, तर एका पोरीला कौशल्याबाईकडं पळवलं. निरोप असा : "तुहा लेक पारावर उपाशी बसला हाय, पंगत उशिरा हाय, त्याला चक्कर येऊन राहिली. रोडगा घेऊन ये." पंगत अजून बसायची होती हे खरंच होतं. आणि मग बुवा मोठ्यानं म्हणाला, "पाटील, ह्यो पाव्हना कसला? माय आली बघा त्याची!"

कौशल्याबाई टोपलं घेऊन गर्दीतून येत होती. फडक्याखालून भरताचा वास. ती लेकापुढं येऊन उभी राहिली.  

पेच सगळ्यांना समजला. खाल्लं तर लखमा गावचा, सूर रखमाजीचा, आणि चौदा वर्षं पाण्यात. नाही म्हटलं तर भर पारावर, खंडोबासमोर, म्हाताऱ्या मायचा घास झिडकारला. लखमानं मायच्या तोंडाकडं बघितलं. ती थकलेली होती, धावत आल्यानं तिला धाप लागली होती. लखमाची मान खाली गेली. त्यानं हात पुढं केला.

रखमाजी म्हणाला, "हॅ—"

आणि कौशल्याबाईनं टोपलं मागं ओढलं.

"पाव्हनं," ती म्हणाली, "तुमी कोन्या गावचे?"

लखमानं मागं वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला म्हणते का.

"तुमालाच इचारते. कोन्या गावचे?"

"शिर... शिरडचा."

"मंग शिरडच्या मानसाला नरसीच्या बाईच्या टोपल्यात हात घालाया लाज न्हाई वाटत? पाटलाच्या पंगतीत जेवा की! अशे कशे पाव्हने तुमी, वळख न पाळख!" मग ती बुवाकडं वळली. आवाज चढवला नाही. "बुवा, माह्या घरी उपाशी लेकरू न्हाई. व्हतं एक. त्याला तुमी हेला म्हनून हाकलला. चौदा सालं मी विहिरीवर सरकून राहिले. आता तुमी सरका. मला ऐकू द्या."

आणि टोपलं मांडीवर घेऊन ती पहिल्या रांगेत बसली.

ज्ञानबा पाटलानं पान थुंकलं. हे ते क्वचित करतात. "पाव्हना," ते म्हणाले, पहिल्यांदाच न थांबता.

लखमानं सूर दिला. खाजा मियांनी हातोडी घेतली, कणीक लावली, आणि थाप मारली. ती थाप पाराच्या दगडातून आमच्या मांड्यांत आली. मग लखमा गायला. काय गायला ते सांगत नाही, अभंग सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्याच गावात, आपल्याच पट्टीत तो पहिल्यांदा गात होता. कसलीही घाई नव्हती त्याला. एकेक शब्द विहिरीत पोहऱ्यासारखा सोडायचा, तो भरेपर्यंत थांबायचा आणि वर ओढायचा. ज्या पोरांनी कधी रेकून दाखवलं होतं ती आता बाप झाली होती. ती खाली बघत बसली.

मग बुवाची पाळी. बुवानं हात कानावर ठेवला, डोळे मिटले आणि खाली उतरला. पहिला शब्द निघाला. दुसऱ्याला नुसती हवा निघाली. ओठ हलत होते, घाटी हलत होती, पण ऐकू यायचा तो फक्त मृदंग. मागून कोणीतरी विचारलं, "बुवा, पडले का आत?" बुवानं चरण सोडून वर उडी मारली, म्हटलं, वरून तरी धरू. तर ती वरची जागा त्याच्या नेहमीच्या जागेपेक्षाही वर निघाली. तिथं तो पोचला, एक क्षण टिकला, आणि मग गळा फुटला. पहाटे मान मुरगळलेल्या कोंबड्यासारखा. खाजा मियांनी मृदंग थांबवला नाही. शिरडच्या जाड्या गड्यांनी टाळ थांबवले नाहीत. लखमा मांडी घालून, हातावर हनुवटी ठेवून, चवीनं बघत होता.   त्याला ऐकायचं होतं.

"पट्टी... सुटली," पाटील म्हणाले.

रखमाजीबुवा पागोटं सावरत उठला. पार उतरताना वळून, फाटक्या गळ्यानंच म्हणाला, "पुढल्या साली बघू."

पंगत बसली, उठली, माणसं पांगली. लखमा सरळ मायच्या घराकडं गेला. गल्ली ओलांडली आणि पाय उंबऱ्यावर ठेवणार, तर कौशल्याबाई दारात आडवी.

"तिकडंच थांबा."

"माय, आता तरी! झालं की सगळं!"

"काय झालं? पुढल्या साली म्हनून गेला न्हाई का तो? ऐकलं न्हाई तुमी? म्हंजी अजून खुमखुमी हाय. आन मी तुमाला आत घेऊ? पाव्हनं, जा शिरडला. गळा जपा. थंड पिऊ नगा."

लखमा तिथंच गल्लीत उकिडवा बसला आणि हसायला लागला. ती उंबऱ्यावर बसली. टोपल्यावरचं फडकं काढून तिनं रोडगा मोडला आणि आपणच खायला लागली, त्याच्यासमोर, भरताला बोट लावून लावून.

"एक सांगा," घास गिळून ती म्हणाली. "बुवाचा गळा फुटला तवा त्यानं तोंड कसं केलं व्हतं? माह्या म्होरं एकाचं पागोटं आलं, मला दिसलंच न्हाई."

लखमा उभा राहिला. डावा हात कानावर ठेवला, डोळे मिटले, मान ताणली आणि तोंड वाकडं केलं. कौशल्याबाईला हसता हसता ठसका लागला. तिनं पदरानं डोळे पुसले, पाणी प्याली, आणि पाठ नीट भिंतीला टेकवून बसली.

"अजून एकदा करा, पाव्हनं. आता सावकाश."